घर शोधण्याआधी पाळणाघर शोधा

वाचकाचं पत्र

नमस्कार. नवऱ्याची नोकरी बदलते आहे आणि अडीच महिन्यांत आम्हाला एका मोठ्या, पूर्णपणे अनोळखी शहरात राहायला जायचं आहे. मुलगी चार वर्षांची, मुलगा नऊ महिन्यांचा. मीही नोकरी करते. आठवड्यातले तीन दिवस घरून, दोन दिवस ऑफिसात. त्याचं ऑफिस शहराच्या मध्यावर, माझं तिथून वीस मिनिटांवर. मध्यावरची घरं आम्हाला झेपणारी नाहीत, म्हणून उपनगरं बघतोय. दोन पर्याय समोर आहेत. एक जवळचं, जुनं उपनगर: दोन खोल्या, चौथा मजला, भाडं डोळे पांढरे करणारं. दुसरं लांबचं, नवं: चार खोल्या, समोर मोकळं मैदान, भाडं पहिल्याच्या दोन तृतीयांश, पण प्रवास एका बाजूने सव्वा तास आणि स्टेशनपर्यंत जायला स्वतःची गाडी हवीच. नवरा म्हणतो, मुलांना मोकळी जागा मिळेल. मला धास्ती वेगळीच आहे. अनोळखी शहरात कुठला भाग सुरक्षित आणि कुठला नाही हे ओळखायचं कसं? दहा जण दहा तऱ्हा सांगतात. आणखी एक विचारते, घरं बघायला मुलीला सोबत न्यावं का?

— बांधाबांध सुरू केलेली एक आई

उत्तर

ताई, तुम्ही दोन घरांची तुलना करताय, पण तुमच्या अडचणीची गाठ घरात नाहीच. ती नऊ महिन्यांच्या मुलात आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पाळणाघरात जागा मिळणं हे या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात दुर्मीळ काम. कारण साधं आहे. तान्ह्या मुलांमागे माणसं जास्त लागतात. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती हवी, असा नियमच आहे. म्हणून चांगली पाळणाघरं चार वर्षांच्या मुलांना सहज घेतात आणि तान्ह्यांसाठी मोजक्याच जागा ठेवतात. पुष्कळ जोडपी आधी घराचा करार करतात, सामान लावतात आणि मग कळतं की जवळच्या तिन्ही पाळणाघरांत प्रतीक्षायादी सहा महिन्यांची आहे. मग बाळाला रोज अर्ध्या तासाच्या उलट्या वाटेने न्यायचं, आणि ज्या प्रवासाच्या हिशोबावर घर घेतलं तो हिशोब पहिल्याच आठवड्यात निकालात निघतो.

म्हणून पहिला आठवडा घरांना द्यायचाच नाही. दोन्ही उपनगरांतल्या, आणि शक्य असल्यास त्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या पाळणाघरांना फोन करा. प्रश्न चारच. अमुक तारखेपासून दहा-अकरा महिन्यांच्या बाळाला जागा आहे का? एका व्यक्तीकडे किती बाळं असतात? संध्याकाळी बंद कधी होतं आणि उशीर झाला तर काय? ताप आला तर मुलाला किती वेळात न्यावं लागतं? शेवटचा प्रश्न फार कुणी विचारत नाही, पण पहिल्या वर्षात तोच सगळ्यात जास्त वेळा अंगावर येतो. पाळणाघरात नव्याने जाणारं मूल वरचेवर आजारी पडतं आणि तापलेलं मूल ते ठेवून घेत नाहीत. सकाळी अकराला फोन येतो. त्या वेळी दोघांपैकी एकजण तरी अर्ध्या-पाऊण तासात पोहोचू शकतो का? तुमचे तीन दिवस घरून आहेत, ते निभतील. उरलेल्या दोन दिवसांचं काय, हे आत्ताच ठरवा. लांबच्या उपनगरातलं घर आणि ते दोन दिवस, यांचं गणित सव्वा तासाच्या प्रवासात बसणार नाही. शक्य असेल तर ऑफिसचे दोन दिवस सलग घेऊ नका, आणि नवऱ्याला त्या दोनांपैकी एक दिवस घरून काम करता येईल का, हे त्याने रुजू होण्याआधीच विचारून घ्यावं. रुजू झाल्यावर मागण्यापेक्षा आधी मागितलेलं सहज मिळतं.

पाळणाघराची वेळही ताडून बघा. नवरा सहाला निघणार, प्रवास सव्वा तास, पाळणाघर सातला बंद. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या दोन्ही दिवशी उशीर ठरलेला. एखाद्या दिवशी गाडी चुकल्यामुळे होणारा उशीर वेगळा आणि वेळापत्रकातच बसलेला उशीर वेगळा. दुसऱ्या प्रकाराला उपाय नसतो.

सव्वा तास म्हणजे किती?

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये असं मांडलं की वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या वाहनांनी हिंडणारी माणसं सरासरीने दिवसाचा साधारण एकच तास प्रवासात घालवतात. वाहन वेगवान झालं की माणूस लांब राहायला जातो, वेळ वाचवत नाही. तो काही नियम नव्हे, पण मोजपट्टी म्हणून बरा आहे. जाऊन-येऊन एक तास सहज पचतो. दीड तास ओढता येतो. अडीच तासांत लहान मुलांच्या घरातली संध्याकाळच जाते. महिन्याला २२ कामाचे दिवस धरले तर सव्वा तासाच्या प्रवासाचे ५५ तास होतात. जवळच्या उपनगरातून ४० मिनिटं लागत असतील तर २९ तास २० मिनिटं. फरक महिन्याला २५ तास ४० मिनिटांचा, म्हणजे तीन पूर्ण कामाच्या दिवसांहून जास्त. आणि हे तास नेमके मुलांच्या जेवणाचे, अंघोळीचे, झोपेचे असतात.

'सव्वा तास' हा आकडा तुम्हाला कुणी दिला, तेही तपासा. जाहिरातीतला वेळ स्टेशन ते स्टेशन असतो. तुम्हाला दारापासून दारापर्यंतचा हवा: जिना किंवा लिफ्ट, स्टेशनपर्यंत पोहोचणं, गाडी लावायला जागा शोधणं, फलाटावर थांबणं, प्रवास, बदल, पुढचं चालणं. नकाशाच्या ॲपमध्ये पोहोचण्याची वेळ टाकून मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारचा अंदाज काढा. सोमवार-शुक्रवार बऱ्याच ठिकाणी फसवे असतात. ॲप '५५ ते ८० मिनिटं' म्हणालं तर ८० धरा. परतीचा वेळ वेगळा काढा, तो बहुतेकदा जास्त असतो.

वेगापेक्षा वारंवारता महत्त्वाची. दर पाच मिनिटांनी येणारी संथ बस, दर अर्ध्या तासाने येणाऱ्या जलद गाडीपेक्षा तान्ह्या मुलाच्या घराला जास्त उपयोगाची. एक गाडी चुकली तर पाच मिनिटं गेली की तीस, एवढाच प्रश्न आहे. शेवटची गाडी किती वाजता, आणि रविवारी किती धावतात, हेही बघा. आणि 'येत्या दोन वर्षांत इथं मेट्रो येतेय' असं कुणी म्हणालं तर त्या मेट्रोची किंमत आज शून्य धरा. तुमचा मुलगा दोन वर्षांत तीन वर्षांचा होईल; तेवढी वर्षं आहे त्याच रस्त्याने जायचं आहे.

भाडं स्वस्त, घर महाग

आता पैसे. दोघांचा मिळून हातात येणारा महिन्याचा पगार १०० भाग धरा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

जवळचं उपनगर: भाडं ३६, वीज-पाणी-देखभाल ४, दोघांचा प्रवास ५. एकूण ४५.

लांबचं उपनगर: भाडं २४, मोठ्या घराची वीज-पाणी-देखभाल ६, रेल्वे-बसचे पास ६. इथवर ३६, छान वाटतं. पण गाडीचे १३ भाग त्यात अजून यायचेत: हप्ता, विमा, इंधन, दुरुस्ती, स्टेशनवरचं पार्किंग. आणि पाळणाघराच्या रोजच्या जादा तासाचे ३. एकूण ५२.

भाड्यात १२ भाग वाचले आणि बाकी सगळ्यात १९ गेले. लांबच्या उपनगरांचा फायदा खातं ते हेच, नव्याने घ्यावी लागणारी गाडी. तुमच्याकडे गाडी आधीपासून असेल आणि हप्ता संपलेला असेल तर चित्र बदलतं; मग लांबचं घर खरंच स्वस्त पडू शकतं. म्हणून दुसऱ्याचं ऐकून ठरवू नका, स्वतःचे भाग मांडा.

घराचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत असावा, हा जुना ठोकताळा पुष्कळांना माहीत असतो. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने त्यात प्रवास मिळवला आणि दोन्ही मिळून ४५ टक्क्यांपर्यंतचा भाग परवडणारा मानला. ही दुसरी पट्टी लहान मुलांच्या कुटुंबाला जास्त खरी बसते. वरच्या नमुन्यात पाळणाघराचे ३ सोडले तरी लांबचं घर ४९ वर जातं.

आणखी एक कसोटी घ्या, थोडी कडू आहे. बाळ आजारी पडलं, किंवा नवं ऑफिस मानवलं नाही, आणि तीन महिने एकाच पगारावर काढायची वेळ आली, तर भाडं आणि किराणा निघेल का? त्यासाठी तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवायचा, आणि तो अनामत रक्कम, दलाली, सामानाचा ट्रक, जुन्या-नव्या घराच्या भाड्याची पंधरा दिवसांची दुहेरी भर, पडदे-पंखे-गीझर हे सगळं झाल्यावर उरला पाहिजे. हा एकदाचा खर्च लोक हमखास कमी धरतात. यादी करा, बेरीज करा आणि वर पाचवा हिस्सा टाका.

सुरक्षित म्हणजे काय?

तुमचा खरा प्रश्न हा. दहा जण दहा तऱ्हा सांगतात, कारण ते दहा वेगवेगळ्या रस्त्यांबद्दल बोलत असतात. गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड वाइसबर्ड यांनी २०१५ मध्ये मांडलेला निष्कर्ष इथं कामाचा आहे: मोठ्या शहरांत निम्मे गुन्हे जेमतेम ४ ते ६ टक्के रस्त्यांच्या तुकड्यांवर घडतात. तुकडा म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा रस्ता. म्हणजे 'बदनाम' उपनगरातले बहुतेक रस्ते शांत असतात आणि 'चांगल्या' उपनगरातही दोन-चार तुकडे टाळावेत असे असतात. त्यामुळे अख्ख्या उपनगराला प्रमाणपत्र देत बसू नका. तुम्ही रोज वापरणार ते चार रस्ते तपासा: घर ते पाळणाघर, घर ते स्टेशन, घर ते बाजार, घर ते दवाखाना.

पोलिसांची आकडेवारी मिळत असेल तर बघा, पण तीन गोष्टी सांभाळून. एकाच वर्षाचा आकडा नको, तीन-चार वर्षांचा घ्या. दुचाकी चोरी आणि मारहाण एकाच बेरजेत असतील तर वेगळे काढा. आणि 'दर हजार रहिवाशांमागे' हा आकडा स्टेशन-बाजाराच्या भागात फसवा असतो. तिथे राहणारे थोडे आणि दिवसभर येणारे लाखभर, त्यामुळे पाकीटमारी रहिवाशांच्या डोक्यावर मोजली जाते आणि भाग भयंकर दिसतो. उलट, कमी गुन्हे नोंदलेला भाग म्हणजे तिथे तक्रारच कमी नोंदवली जाते, असंही असू शकतं.

आकड्यांहून चार फेऱ्या जास्त सांगतात. सकाळी शाळेच्या वेळी, आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी दोनला, रात्री साडेआठला आणि शनिवारी रात्री अकराला. दुपारी दोनची फेरी लोक वगळतात, पण बाळाला घेऊन तुम्ही घरी असणार ती वेळ हीच. या फेऱ्यांत माणसं बघा. एकटी बाई घाई न करता चालतेय का? म्हातारी माणसं बाहेर बसलीत का? मुलं मोठ्यांविना खेळतात का? उशिरापर्यंत उघडी दुकानं, रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या, सलग दिवे या चांगल्या खुणा. लांबलचक कुंपणभिंती, दोन दिव्यांमधले काळे पट्टे, संध्याकाळी ओस पडणारी गोदामं या वाईट खुणा. नव्या संकुलांत फाटकाच्या आत सगळं झकपक असतं. तुम्ही फाटकापासून स्टेशनपर्यंतचं अंतर चालून बघा. जोखीम असलीच तर ती तिथे आहे.

हे सगळं खरं असलं तरी, चार वर्षांच्या मुलीला चोरांपेक्षा मोटारींचा धोका जास्त, असं आम्ही ठामपणे म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात आहे. तरी घर बघताना रस्त्याकडे कुणी या नजरेने बघत नाही. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत दिलेली थांबण्याची अंतरं बघा: ताशी ३२ किलोमीटर वेगाची मोटार १२ मीटरमध्ये थांबते, ४८ ला २३ मीटर लागतात, ६४ ला ३६. वेग दुप्पट झाला की अंतर तिप्पट. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या २०११ च्या संशोधनात दिसलं की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी ३२ किलोमीटरहून वेगाने येणाऱ्या मोटारीचा वेग नीट ओळखता येत नाही. मूल ऐकत नाही असं नाही; त्याची नजर अजून तयार झालेली नसते. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी आणि वाहनं एकत्र येतात तिथे ताशी ३० ची मर्यादा मागितली गेली.

नवी उपनगरं इथे हमखास मार खातात. रस्ते रुंद, सरळ, मोकळे. बघायला देखणे, पण अशा रस्त्यावर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, गाड्या साठनेच धावतात. जुन्या भागातला अरुंद, वळणांचा, दुतर्फा झाडांचा रस्ता कुरूप असला तरी वेग आपोआप उतरवतो. मात्र तिथे फूटपाथवर लावलेल्या दुचाकी आणि गाड्यांमधून अचानक रस्त्यावर येणारं मूल, हा धोका असतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. बाबागाडी घेऊन घर ते पाळणाघर हा पूर्ण रस्ता चाला. किती वेळा फूटपाथ सोडून गाड्यांच्या रस्त्यावर उतरावं लागलं, मोजा. एकदा-दोनदा ठीक, पाच-सहा वेळा म्हणजे काही आठवड्यांत तुम्ही चालणं सोडून गाडी काढाल. जो मोठा रस्ता ओलांडायचा, त्याची रुंदी पावलांनी मोजा आणि हिरवा दिवा किती सेकंद राहतो ते बघा. लहान मुलासोबत सेकंदाला ०.८ मीटर धरा. १४ मीटरचा रस्ता म्हणजे १७-१८ सेकंद. दिवा बारा सेकंदांत बदलत असेल आणि मध्ये थांबायला दुभाजकावर जागा नसेल, तर ते पाळणाघर तुमच्या हद्दीबाहेर समजा, नकाशावर कितीही जवळ दिसो. इमारतीच्या वाहनतळातून मागे येणाऱ्या गाड्यांची वाट मुलांच्या खेळायच्या जागेतून जाते का, तेही डोळ्यांखालून घाला.

पाणी, हवा, भिंती

पुराबद्दल 'शंभर वर्षांतून एकदा' असं ऐकलं की माणूस निर्धास्त होतो. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षांच्या कर्जावर घर घेतलं तर त्या काळात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता २६ टक्के. पाच वर्षं भाड्याने राहिलात तर ५ टक्के. म्हणून भाड्याच्या घराला जे चालतं ते विकतच्या घराला चालेलच असं नाही. चौथा मजला म्हणून सुटलो, असंही नाही. वीज, पाण्याचा पंप आणि लिफ्टची यंत्रं खालीच असतात, आणि बाहेर पडायचा रस्ताही. खुणा शोधा: तळमजल्याच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंतच ताजं प्लॅस्टर, वर सरकवलेले वीजमीटर, दुकानांचे उंच उंबरे, जिन्याखाली कुबट वास. आणि विचारायचं ते तळमजल्यावरच्या दुकानदाराला. एजंटाला नाही.

मोठ्या महामार्गाच्या धुराचा सर्वाधिक त्रास पहिल्या दीडशे ते तीनशे मीटरमध्ये असतो. पुढे तो झपाट्याने विरतो. बाळ असेल तर तेवढं अंतर राखा, निदान झोपायची खोली इमारतीच्या मागच्या बाजूला असलेलं घर घ्या. रात्री दहाला खिडकी उघडून फोनवरच्या ध्वनिमापक ॲपने आवाज मोजा. ॲपचा आकडा नेमका नसतो, पण एकाच फोनने दोन घरं मोजली तर फरक बरोबर कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रस्त्याच्या रात्रीच्या आवाजासाठी ४५ डेसिबलच्या आत राहावं असं सुचवलं.

जुन्या उपनगरातलं घर घेणार असाल तर रंगाकडे लक्ष द्या. अमेरिकेत शिशाच्या रंगांवर घरगुती वापरासाठी १९७८ मध्ये बंदी आली. बऱ्याच देशांत ती फार उशिरा आली. जुने थर खिडक्या-दारांच्या घासणाऱ्या कडांवरून भुकटी होऊन जमिनीवर पडतात, आणि नऊ महिन्यांचं रांगणारं बाळ हात तोंडात घालतंच. शिशाचं सुरक्षित प्रमाण नसतं. पोपडे निघालेले असतील तर तो रंग तुम्ही राहायला जाण्याआधी जाणकाराकडून काढून घ्या. मूल घरात असताना कोरडं खरवडणं नको. तपासणी होईपर्यंत फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. चौथ्या मजल्यावर खिडकीच्या गजांतलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि गॅलरीच्या कठड्याला पाय ठेवता येतील असे आडवे गज नकोत. हे करारात लिहून घ्या. 'लावून देतो' या शब्दावर किल्ली घेऊ नका.

मैदानाचं म्हणाल तर

नवऱ्याचा मुद्दा हलका नाही. मुलांना मोकळी जागा हवीच. पण समोरचं मैदान कुणाच्या मालकीचं आहे, ते आधी बघा. शहराच्या विकास आराखड्यात ती जागा उद्यान म्हणून राखीव असेल तर उत्तम. नुसता रिकामा भूखंड असेल तर दोन वर्षांत तिथे पायाभरणी सुरू होईल आणि पुढची तीन वर्षं धूळ आणि कर्कश आवाज. रुंद रस्ता न ओलांडता पाच मिनिटांत, म्हणजे साधारण ३०० मीटरच्या आत एखादी बाग मिळत असेल, तर दोन खोल्यांच्या घरातही मुलांचं अडत नाही. चार वर्षांच्या मुलीला घरातली चौथी खोली लागत नाही. रोज संध्याकाळी खाली नेणारं माणूस लागतं, आणि ते सव्वा तासाच्या प्रवासात अडकलेलं असेल तर मैदान खिडकीतूनच बघायचं.

शाळेबद्दल आत्ता फार डोकं शिणवू नका, एक सोडून: अंतरावर प्रवेश ठरत असेल तर पत्त्याचा पुरावा कोणत्या तारखेपर्यंतचा चालतो, ते विचारा. शाळांच्या क्रमवारीत पालकांची ऐपत बरीच डोकावते, शिकवणं त्यामानाने कमी. शाळा सुटताना दाराशी पंधरा मिनिटं उभं राहा, ते पुष्कळ.

मग काय करावं

आमचा कल जवळच्या उपनगराकडे आहे, पण त्या दोन घरांवरच अडून राहू नका. दोन्हींच्या मध्ये, त्याच रेल्वेमार्गावर किंवा बसमार्गावर, तुमच्या ऑफिसकडून सोयीचं आणि बाळाला जागा देणारं पाळणाघर सापडलं, की त्याच्याभोवती पंधरा मिनिटं चालण्याचं वर्तुळ काढा आणि घर त्या वर्तुळात शोधा. रात्री उघडा असणारा मुलांचा डॉक्टर किंवा रुग्णालय त्या वर्तुळापासून किती लांब, तेवढं रात्रीच्या वेळी एकदा मोजून ठेवा.

काहीही झालं तरी पहिलं वर्ष भाड्याने. विकत घ्यायला लावणारे खूप भेटतील. करारात दोन गोष्टी मागा: सहा महिन्यांनंतर एक-दोन महिन्यांची नोटीस देऊन सोडता येईल, आणि वर्षाने भाडं किती टक्के वाढेल ते आत्ताच लिहिलेलं असेल. शक्य झालं तर करारापूर्वी त्या भागात आठवड्यातल्या दिवशी दोन रात्री राहा आणि नवऱ्याने सकाळी खरोखर ऑफिसपर्यंत जाऊन यावं. कागदावरचा सव्वा तास आणि अंगावरचा सव्वा तास तिथे कळतो, आणि बहुतेक वेळा तुमच्यातला वादही तिथेच मिटतो.

मुलीला न्यायचं का? सगळ्या घरांना नको. दिवसात चौथं घर बघणारं मूल रडतं, आणि रडणाऱ्या मुलासोबत घेतलेला निर्णय 'हेच घेऊ आणि संपवू' असा असतो. यादी दोन घरांवर आली की मात्र नक्की न्या. तिला खोल्या दाखवण्यापेक्षा पाळणाघराची वाट चालवा, तिच्या चालीने, तिला वाटेत थांबायचं तिथे थांबू देऊन, न उचलता. एजंट सात मिनिटं म्हणाला असेल. तुम्हाला अठरा लागली, तर वहीत अठरा लिहा आणि सकाळचा गजर त्यावर लावा.